नऊ प्रसंगांची म्हातारी : बीड जिल्ह्यात चित्रित झालेल्या एका भूमिकेचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची ओळख

हे प्रकरण एका कमी खर्चाच्या मराठी चित्रपटातील एका भूमिकेचे आहे. कथा बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या कुटुंबात घडते आणि चित्रीकरण बालाघाटच्या डोंगररांगेतील एका गावात सलग सव्वीस दिवस चालले. भूमिका नायकाच्या आईची होती. संहितेत तिला नाव नव्हते. प्रत्येक ठिकाणी नुसते ‘म्हातारी’ असे लिहिलेले होते. ही भूमिका कोणी करावी, एवढ्याच प्रश्नापासून चर्चा सुरू झाली होती. ती पुढे या बाईला चित्रपटात काम काय आहे या प्रश्नावर येऊन ठेपली, आणि तिथे पोचायला आम्हाला जवळजवळ दोन महिने लागले.

मी छत्रपती संभाजीनगर येथे नाट्यशास्त्र शिकवते. या चित्रपटासाठी स्थानिक कलाकारांची निवड आणि बोलीचे मार्गदर्शन ही दोन कामे माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे सांगितलेल्या निर्णयांमध्ये माझाही वाटा आहे आणि चुकांमध्येही. संबंधितांची ओळख कळू नये म्हणून गावाचे व चित्रपटाचे नाव आणि काही तपशील गाळले आहेत. ज्यांनी ही भूमिका केली त्यांना संपूर्ण युनिट ‘अक्का’ म्हणत असे. येथेही तेच संबोधन ठेवले आहे.

पार्श्वभूमी

अक्कांचे वय त्या वेळी एकसष्ट होते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. तरुणपणी त्या एका कलापथकात गात आणि छोटी कामे करीत असत. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे वय चोवीस होते, आणि त्यांच्या वाट्याला आली ती एकतीस वर्षांच्या नटाच्या आईची भूमिका. तालुक्याच्या गावात नाटकात काम करायला बायका मिळत नसत, आणि जी मिळाली ती लग्न झालेली, पदरात लेकरू असलेली. तिला नायिका कशी करायची, असा तो विचार होता. त्यानंतर त्यांनी केलेल्या बहुतेक भूमिका आई, विधवा बहीण किंवा सासू यांच्याच होत्या. मधली अठरा वर्षे घर, नोकरी आणि बदल्यांमुळे त्या रंगमंचावर फिरकल्याही नाहीत. चाळिशी ओलांडल्यावर त्या परत आल्या तेव्हा त्यांना निराळे काही करावे लागले नाही, कारण आईच्या भूमिका त्यांची वाटच पाहत होत्या.

अक्कांच्या बाबतीत जे तालुक्याच्या रंगमंचावर घडले, तेच मोठ्या पडद्यावर कित्येक दशके घडत आले आहे. ‘मदर इंडिया’ 1957 मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील आई नर्गिस आणि मुलगा सुनील दत्त हे दोघेही 1929 सालचे. ‘दीवार’मध्ये (1975) अमिताभ बच्चन यांची आई झालेल्या निरूपा रॉय त्यांच्याहून अवघ्या अकरा वर्षांनी मोठ्या होत्या. मूळच्या येवल्याच्या ललिता पवार यांच्या चेहऱ्याला 1942 मध्ये एका चित्रीकरणात इजा झाली, डावा डोळा कायमचा अधू झाला, आणि नायिका म्हणून काम करणाऱ्या त्या तरुण अभिनेत्रीकडे पुढे खाष्ट सासूच्या भूमिका आल्या. बाईचा चेहरा बदलला की तिचे कथेतले स्थानच बदलते, हा हिशेब इतका सवयीचा झाला होता की त्याचे कोणाला फारसे काही वाटेनासे झाले.

गेल्या काही वर्षांत या हिशेबाला धक्के बसले आहेत, हेही नोंदवले पाहिजे. 2018 च्या ‘बधाई हो’मध्ये प्रौढ वयात दिवस गेलेली बाई कथेच्या केंद्रस्थानी आली आणि त्याच चित्रपटातील आजीच्या भूमिकेसाठी सुरेखा सिक्री यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी दूरचित्रवाणीवर 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’त सासूचा पुनर्विवाह हाच कथेचा कणा होता. 2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’ने चित्रपटगृहे भरली आणि खेड्यापाड्यांतून बायकांचे जथे तो पाहायला गेले. मराठवाड्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, औरंगाबादेत नाटकाची सुरुवात केलेल्या प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘चारचौघी’ने 1991 मध्येच आई आणि तिच्या तीन मुलींना मध्यभागी आणले होते, 2022 मध्ये ते नाटक पुन्हा रंगमंचावर आले तेव्हा आईची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. मात्र या सगळ्या बायका प्रामुख्याने शहरातल्या, मध्यमवर्गातल्या होत्या. कोरडवाहू शेतात राबणारी, निरक्षर, साठीच्या आसपासची बाई पडद्यावर अजूनही बहुधा ओसरीवर बसून खोकतच असते. आमच्या संहितेतही ती तेच करीत होती.

अडचण

संहितेत म्हातारीचे नऊ प्रसंग होते. दोन प्रसंगांत ती रडते, एकात सुनेला टोमणा मारते, एकात देवापुढे दिवा लावते, तीनमध्ये नुसती दिसते, एकात आजारी पडते आणि शेवटच्या प्रसंगात तिचा मृत्यू होतो. तो मृत्यूही तिच्यासाठी नव्हता. त्यामुळे नायकाला फडावरून, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावरून, गावी परत यावे लागते, एवढ्यासाठीच तो लिहिलेला होता. लेखक आणि दिग्दर्शक दोघेही चाळिशीच्या आतले, मराठवाड्यातलेच, विषयाबद्दल मनापासून तळमळ असलेले. उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), मुकादम (ती देऊन मजुरांची टोळी नेणारा), कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी), फडावरची कोपी (राहायची झोपडी), गाडी भरताना होणारे अपघात यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. घरी मागे राहणाऱ्या माणसांकडे मात्र त्यांचे लक्ष गेले नव्हते.

पण ही अडचण आम्हाला आधी दिसली नाही. आमच्यासमोर आलेली अडचण साधी, पैशाची होती. पुण्याच्या निर्मात्यांचे म्हणणे होते की दोन्ही मुख्य कलाकार नवखे असल्याने निदान आईच्या भूमिकेत तरी ओळखीचा चेहरा हवा. त्यांनी मालिकांमधून घराघरांत पोचलेली, बेचाळीस वर्षांची एक अभिनेत्री सुचवली. केस पांढरे करू, चेहऱ्यावर थोडे काम करू, नऊ दिवसांत तिचे काम संपवू, असा त्यांचा हिशेब होता. दिग्दर्शकाला हे पटत नव्हते आणि त्याने मला स्थानिक पर्याय शोधायला सांगितले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय निर्मात्यांचा. तो झटकून टाकण्यासारखा नव्हता. तरुण वयातच रोहिणी हट्टंगडी यांनी ‘गांधी’मध्ये कस्तुरबांचे वार्धक्य उभे केले होते, हे उदाहरण त्यांनी बैठकीत दिले, आणि चांगल्या अभिनेत्रीला वय अडवत नाही हा त्यांचा मुद्दा खराच होता. त्यांचा दुसरा मुद्दा मला अधिक अवघड वाटला. ते म्हणाले की बीड, परभणीकडे मुलींची लग्ने लवकर होतात, हे तुम्हीच संहितेत लिहिले आहे. सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या बाईचा मुलगा चोवीस वर्षांचा असेल तर ती बेचाळिशीचीच असणार, मग एकसष्ट वर्षांची बाई कशाला हवी? हिशेब बिनचूक होता. बैठकीत यावर कोणालाच लगेच उत्तर देता आले नाही.

उत्तर मिळाले ते गावात गेल्यावर. स्थळपाहणीच्या वेळी आम्हाला एक बाई भेटल्या. वीस-बावीस हंगाम ऊसतोडीला गेलेल्या, कंबर कायमची धरलेल्या, गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेल्या. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला होता. दिग्दर्शकाने त्यांचे वय साठ धरले होते, आधार कार्डावर ते चव्वेचाळीस निघाले. म्हणजे निर्मात्यांचा आकडा बरोबर होता, पण त्या आकड्याला इथे जे शरीर येते ते मुंबईतल्या बेचाळीस वर्षांच्या शरीरासारखे नसते, आणि केसांना पांढरे लावून ते उभे राहत नाही. म्हातारपण इथे वर्षांच्या आधी कष्टाने येते. ही गोष्ट लक्षात आल्यावर ‘खऱ्या वयाची अभिनेत्री’ हा माझा स्वतःचा आग्रहही मला थोडा तपासून घ्यावा लागला.

दुसरा पर्याय त्यातूनच पुढे आला: ऊसतोड केलेल्या एखाद्या बाईनेच ही भूमिका करावी. दिग्दर्शक या कल्पनेने भारावून गेला होता. मी विरोध केला. ज्या बाईने हे सगळे सोसले आहे तिला नऊ प्रसंगांत रडायला आणि मरायला लावायचे, तिचा चेहरा वापरायचा आणि सव्वीस दिवसांनी निघून जायचे, हे मला योग्य वाटत नव्हते. शिवाय ती कथा त्याच गावात, तिच्याच मुकादमाच्या डोळ्यांदेखत चित्रित होणार होती. पुढच्या हंगामाच्या उचलीवर त्याचा काय परिणाम होईल हे कोणीही सांगू शकत नव्हते. या पर्यायाचा विचार आम्ही तिथेच थांबवला, आणि हा एक निर्णय असा आहे की त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

तिसरा पर्याय अक्कांचा होता. त्यांनी स्वतः ऊस तोडलेला नव्हता, पण चौतीस वर्षे ज्या शाळांमध्ये शिकवले तिथली निम्मी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर निघून जात आणि उरलेली आज्यांच्या हवाली असत. त्यांना अभिनय येत होता, बोली येत होती, आणि निवृत्तिवेतन असल्याने मिळेल त्या अटीवर काम करण्याची त्यांना गरज नव्हती. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मला नंतर कळले.

निर्णायक वळण

अक्कांची चाचणी आम्ही त्यांच्याच घरी घेतली. दिग्दर्शकाने आजारपणाचा प्रसंग वाचायला दिला. त्यांनी तो एकदा डोळ्यांखालून घातला, चष्मा काढला आणि अतिशय उत्तम करून दाखवला. आम्ही खूश झालो. त्यांनी पाणी दिले आणि मग संपूर्ण संहिता वाचायला मागितली. साधारणपणे आईच्या भूमिकेसाठी आलेले कलाकार आपले प्रसंग वाचतात; सगळी संहिता कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. दिग्दर्शकाने थोड्या नाइलाजाने दिली.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. त्या मला म्हणाल्या, “ताई, मपल्याला काम आवडलं. पण एक इचारू का? पोरगं अन् सून पाच-सहा महिने फडावर. घरी दोन लेकरं, चार शेळ्या, वेचायचा ऱ्हायलेला कापूस. मग ही बाई नुसती बसून कामून हाय? लेकरांना भाकरी कोण करायलंय?”

मी हा प्रश्न जसाच्या तसा दिग्दर्शकाला आणि लेखकाला कळवला. लेखक दुखावला, हे सांगायला हवे. चित्रीकरणाला सात आठवडे राहिले होते, अर्थसाहाय्य त्याच संहितेवर मिळाले होते, आणि त्याला वाटले की एक हौशी अभिनेत्री आपली भूमिका वाढवून मागते आहे. मलाही क्षणभर तसेच वाटले होते. दिग्दर्शकाने मात्र निर्णय एका अटीवर पुढे ढकलला: आपण तिघेही गावात जाऊ, आणि ज्यांची मुले फडावर गेली आहेत अशा तीन बायकांबरोबर एकेक दिवस काढू. त्यात काही सापडले नाही तर संहिता आहे तशीच राहील.

हंगाम सुरू असल्यामुळे ते शक्य झाले. त्या तीन दिवसांत आम्ही पाहिले ते असे. पहाटे पाण्याच्या टाकीपाशी नंबर लावणारी बाई म्हातारीच होती. रेशन दुकानावर अंगठा उमटत नाही म्हणून दोनदा परत येणारीही तीच. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला ओळखता येत नाहीत, हे त्यांनी आम्हाला हात पालथे-उताणे करून दाखवले. शाळेत हंगामी वसतिगृहाच्या (आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांच्या सोयीच्या) यादीत नातवाचे नाव घालून घेण्यासाठी त्या तीन वेळा गेल्या होत्या. रात्री आठनंतर शेजारच्या पोराच्या मोबाइलवर मुलगा-सून दिसत, तेव्हा नातवाला ताप असल्याचे त्या सांगत नसत, कारण ऐकून सून तोड सोडून निघाली तर उचल कशी फिटणार हा प्रश्न होता. आणि एका दुपारी मुकादमाचा माणूस दारात आला. टोळीतली एक जोडी पळून गेली होती आणि तो प्रत्येक घरी जाऊन ‘तुमचे लोक फडावरच आहेत ना’ हे तपासत होता. त्या बाईंनी त्याला ओसरीवर बसवले, चहा दिला, त्याच्या आईची चौकशी केली आणि स्वतःच्या मुलाबद्दल एक शब्दही न सांगता वाटेला लावले. लेखक कोपऱ्यात बसून हे पाहत होता. परतताना गाडीत तो बराच वेळ बोलला नाही. मग एवढेच म्हणाला की मुकादमाशी खरी गाठ हिचीच पडते आणि आपण तिला खोकायला लावले आहे.

संहितेतील बदल

पुनर्लेखनाला तीन आठवडे लागले. नऊ प्रसंगांचे सोळा झाले. चित्रपटाची लांबी वाढू नये म्हणून नायकाचे दोन आणि मुकादमाच्या घरातले तीन प्रसंग कमी केले. म्हातारीला नाव मिळाले. तिचा मृत्यू काढून टाकला. तो काढणे सर्वांत अवघड गेले, कारण नायकाचे परत येणे त्यावर अवलंबून होते. शेवटी लेखकाने उलट मार्ग घेतला: नातू खरोखर आजारी पडतो, आजी ते लपवते, एकटीने त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेते, आणि ही गोष्ट मुलाला फडावर दुसऱ्याकडून कळते. तो परत येतो तो आईवर चिडून. पहिल्या संहितेत ती मेली म्हणून तो रडत होता. आता ती जिवंत समोर उभी राहते आणि आपला निर्णय बरोबर होता की चूक, हे तिलाही ठामपणे सांगता येत नाही. माझ्या मते चित्रपटातला तो सर्वांत चांगला प्रसंग आहे.

बोलीचेही बरेच काम करावे लागले. आधीच्या संवादांत मालिकांमधून रुळलेली सरसकट गावरान भाषा होती, जी ऐकायला पश्चिम महाराष्ट्राकडे झुकते. वाक्यागणिक ‘रं’ लावले की गाव उभे राहते, असा त्यामागे समज असतो. अक्कांनी प्रत्येक संवाद मोठ्याने वाचून ‘काय करायलास’, ‘मपलं’, ‘कव्हा’, ‘कामून’ असे शब्द जागच्या जागी बसवले. काही ठिकाणी त्यांनी शब्द काढूनही टाकले. मुकादमाच्या माणसाशी बोलताना संहितेत चार ओळींचा करारी संवाद होता. त्यांचे म्हणणे पडले की अशा वेळी बाई करारी बोलत नाही, चहात साखर किती घालू विचारते. तो संवाद गेला.

एका मुद्द्यावर मात्र आमचे जमले नाही. देवापुढे दिवा लावण्याचा प्रसंग दिग्दर्शकाला त्यातल्या उजेडासाठी हवा होता. अक्कांचे म्हणणे होते की तो ठेवा, पण त्या वेळी ती नातवाला पाढे म्हणून घेत असेल. दिवा लावायला कोणी वेगळा वेळ काढत नाही. दिग्दर्शकाने ऐकले नाही. प्रसंग दिसायला सुंदर झाला आहे, आणि चित्रपटात तेवढाच उपरा वाटतो.

चित्रीकरण

निर्मात्यांनी अक्कांना मान्यता दिली, पण ओळखीचा चेहरा गेल्याच्या बदल्यात त्या खर्चात मोठी कपात केली. त्यांना देऊ केलेले मानधन सुचवलेल्या अभिनेत्रीच्या रकमेच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते, आणि काम मात्र नऊ दिवसांऐवजी एकवीस दिवसांचे झाले होते. अक्कांनी ते स्वीकारले. मी त्यांच्या वतीने घासाघीस केली नाही.

मार्चअखेरीचे ऊन होते. बारा तासांच्या पाळीत साठी ओलांडलेल्या कलाकारासाठी वेगळी काही तरतूद करावी लागते, हे आमच्या वेळापत्रकात कुठेच नव्हते. चौथ्या दिवशी डोक्यावर घागर घेऊन चढ चढण्याचा प्रसंग दुपारी एक वाजता, सात वेळा घेण्यात आला आणि अक्कांना भोवळ आली. त्यानंतर दिग्दर्शकाने वेळापत्रक बदलले: त्यांचे बाहेरचे प्रसंग सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर, दुपारी घरातले प्रसंग किंवा विश्रांती. रिकामी घागर घेण्याची सूचना आली तेव्हा अक्का नको म्हणाल्या, कारण भरल्या घागरीने मान जशी ताठ राहते तशी रिकामीने राहत नाही. मग अर्धी भरून प्रश्न सोडवला. संवादाचे कागद मोठ्या अक्षरात छापणे, बायकांसाठी कपडे बदलायला स्वतंत्र खोली आणि स्वच्छतागृह, रक्तदाबाच्या गोळीची वेळ सहायक दिग्दर्शिकेच्या वहीत लिहिलेली असणे, या गोष्टी पाचव्या दिवसापासून सुरळीत झाल्या. त्या पहिल्या दिवसापासून व्हायला हव्या होत्या.

परिणाम

चित्रपट दोन महोत्सवांत दाखवला गेला आणि नंतर मराठवाड्यातल्या मोजक्या चित्रपटगृहांत एक आठवडा चालला. जिथे जिथे प्रेक्षकांशी बोलणे झाले तिथे बायका आजीच्या प्रसंगांबद्दलच बोलल्या, विशेषतः रेशन दुकानाच्या. एका खेळानंतर साठीच्या एक बाई अक्कांचा हात हातात घेऊन बराच वेळ त्यांची बोटेच पाहत होत्या.

संकलनात मात्र सोळापैकी चार प्रसंग गेले, त्यात हंगामी वसतिगृहाच्या यादीचा प्रसंगही होता. लांबी कमी करायची वेळ आली की आधी कोणाचे प्रसंग निघतात, हे पुन्हा दिसून आले. वितरकाने केलेल्या जाहिरातीच्या चित्रावर नायक, नायिका आणि मुकादम होते; अक्का नव्हत्या. दिग्दर्शकाने आक्षेप घेतला, पण करारात त्याबद्दल काही लिहिलेले नसल्याने तो टिकला नाही.

निर्मात्यांची भीतीही पूर्ण चुकीची ठरली नाही. ओळखीचा चेहरा नसल्यामुळे ओटीटीवरील विक्रीला अडचण आली आणि खर्च भरून निघाला नाही. बेचाळीस वर्षांच्या अभिनेत्रीने तो भरून निघाला असता का, हे मी सांगू शकत नाही. पण निर्णयाची किंमत मोजावी लागली आणि ती मुख्यतः त्यांनी मोजली, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

अक्कांना पुढील वर्षभरात तीन ठिकाणांहून विचारणा झाली. पहिली एका दैनंदिन मालिकेतल्या अंथरुणाला खिळलेल्या आजीची, दुसरी एका लघुपटातल्या वृद्धाश्रमातल्या आजीची. दोन्ही त्यांनी नाकारल्या. मालिकेची निर्मिती नाशिककडे होती, महिन्यातले बावीस दिवस तिथे राहावे लागले असते आणि मानधन नव्वद दिवसांनी मिळणार होते. पण नाकारण्याचे कारण ते नव्हते. “झोपून ऱ्हायला मी रिटायर झाले न्हाई,” असे त्यांनी मला सांगितले. इथे त्यांचे निवृत्तिवेतन उपयोगी पडले. ज्यांना ते नाही अशा कितीतरी ज्येष्ठ अभिनेत्रींना हे वाक्य मनात असूनही उच्चारता येत नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, गावातले ते तीन दिवस संहिता लिहिण्यापूर्वी काढायला हवे होते. अक्कांनी प्रश्न विचारला म्हणून आम्ही गेलो. त्यांनी गुपचूप आपले नऊ प्रसंग केले असते तर चित्रपट तसाच झाला असता आणि आमच्यापैकी कोणाला काही चुकल्यासारखे वाटलेही नसते. ही गोष्ट मला अस्वस्थ करते. भूमिका निवडीच्या टप्प्यावर वयाची चर्चा करून आपण फार उशिरा जागे होतो. संहितेच्या पहिल्या वाचनालाच साठीच्या दोन-तीन बायकांना बसवले असते, तर चोवीस तासांत हा प्रश्न आला असता. आता मी विद्यार्थ्यांच्या नाटकांसाठी ही पद्धत ठेवली आहे, आणि त्यासाठी प्रवासखर्चाव्यतिरिक्त मानधन देण्याचा आग्रह धरते.

मानधनाच्या बाबतीत माझी चूक सरळ आहे. अक्का तक्रार करणार नाहीत हे मला माहीत होते आणि त्या माहितीचा फायदा निर्मात्यांना झाला. भूमिका नऊ दिवसांवरून एकवीस दिवसांवर गेली तेव्हा करार नव्याने करून घेणे माझ्या हातात होते. त्याच वेळी जाहिरातीतील चित्र, श्रेयनामावलीतील क्रम आणि बोलीच्या कामाचे वेगळे श्रेय या तीन गोष्टी लिहून घेता आल्या असत्या. बोलीमार्गदर्शन म्हणून पडद्यावर फक्त माझे नाव येते. संवादांचा जो भाग लोकांनी वाखाणला त्यातला मोठा वाटा अक्कांचा आहे.

ज्यांच्या घरी आम्ही एकेक दिवस काढला त्या तीन बायकांना आम्ही साडी-चोळी दिली आणि श्रेयनामावलीत ‘ग्रामस्थांचे आभार’ असे लिहिले. चित्रपटातले चार प्रसंग त्यांच्या आयुष्यातून घेतले आहेत. त्यांची नावे छापू नयेत हे योग्यच होते, मुकादमाचा विचार करता ते आवश्यकही होते, पण त्यामुळे मोबदला चुकवण्याला सबब मिळाली. दिग्दर्शकाने आणि मी नंतर स्वतःच्या खिशातून काही रक्कम नेऊन दिली. दोघींनी घेतली. तिसऱ्या बाई त्या वर्षी स्वतःच फडावर गेल्या होत्या, कारण सून बाळंत झाली होती आणि कोयता पुरा करायला घरात दुसरे कोणी नव्हते. त्यांचे पैसे त्यांच्या नातवाच्या शिक्षकांकडे ठेवून आम्ही परतलो. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ते त्यांना मिळाले.

अक्कांना आलेली तिसरी विचारणा सध्या चालू आहे. भूमिका एका सरपंच बाईच्या सासूची आहे. दिग्दर्शिका तरुण आहे, परभणीची आहे, आणि तिने प्रसंगांऐवजी पूर्ण संहिता पाठवण्याचे कबूल केले आहे. अक्कांनी मोठ्या अक्षरात छापून पाठवायला सांगितले आहे. ती आली की आम्ही दोघी ती त्यांच्या ओसरीवर बसून वाचणार आहोत.